सुईचं टोक

१६ जानेवारी

दुसरा खिळा काही आत जाईना. हातोडा मारला की खिळा आत जाण्याऐवजी चुना खाली येत होता. एक पाय शिडीवर, दुसरा गाद्यांच्या थप्पीवर, दातांत आणखी खिळे. खालून इनोबत म्हणाली, "अहो, पडाल. आणि पडायचंच असेल तर इथेच पडा. मेहमानखाना आहे, मातीला येणाऱ्यांना वेगळी खोली शोधायला नको."

हसलो असतो, पण दातांत खिळे होते.

शेवटी बसला. तिने लग्नात आणलेली सुझानी, रेशमाने भरलेली मोठी चादर, भिंतीवर चढवली. इतक्या वर्षांनी रेशमाचा लाल अजून तसाच आहे. डाळिंबाच्या वेलीवरचं एक पान तिने तेव्हा नुसतं रेघेचं ठेवलं होतं, भरलं नव्हतं. नुरोत्यातल्या सगळ्याच बायका ठेवतात. भरतकाम पुरं झालं की संसारही पुरा होतो, म्हणून.

गाद्या आतल्या खोलीत नेल्या. बैठं मेज उभं करून भिंतीला लावलं. खिडकीजवळ एक स्टूल, त्याच्यासमोर ट्रायपॉड. सामान काढल्यावर खोली मोठी दिसेल असं वाटलं होतं. लहान दिसली.

"आता पाहुणे आले तर?" इनोबतने विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणून येतील."

संध्याकाळी तिने चहा दिला, प्याल्याच्या तळाला जेमतेम. जितका मान जास्त तितका चहा कमी, हे खरं. पण इतका मान तिने मला साखरपुड्यातही दिला नव्हता.

१७ जानेवारी

ताश्कंदहून कमोलाचा फोन. तिचं सुझानींचं दुकान आहे, इनोबतचं काम ती कित्येक वर्षं घेते. आता तिला एक जाड, रंगीत पुस्तक काढायचं आहे: नुरोत्याच्या भरतकाम करणाऱ्या बायका, आपापल्या कामासह. पहिला फोटो इनोबतचा हवा, सुई हातात धरलेली.

"नोर्मुरोद अका, मला सुईचं टोक दिसलं पाहिजे. धुरकट फोटो माझ्याकडे पोत्याने पडलेत. नवरोझच्या आधी एक चांगला द्या, मग बाकीच्या सगळ्या बायका तुमच्याच घरी पाठवते. पुढच्या वर्षी बुखाराच्यासुद्धा."

म्हणजे लग्नांचे फोटो सुटतील. पहाटेचा पुलाव सुटेल, कानाशी वाजणारे कर्णे सुटतील, नवरीच्या मावशांसमोर गुडघ्यावर बसणं सुटेल. डावा गुडघा आता खाली जातो पण वर येत नाही. मागच्या महिन्यात नवऱ्याच्या मामाने मला बगलेत हात घालून उभं केलं. त्याचाही फोटो कुणीतरी काढला.

१८ जानेवारी

पहिले फोटो. बाहेर बर्फ, खिडकीतून येणारा उजेड मऊ आणि निळसर. फ्लॅश पेटीत ठेवून दिला. आयुष्यभर त्या फ्लॅशने माणसांची तोंडं उकडलेल्या अंड्यासारखी केली. या खोलीत तो नको.

इनोबत स्टुलावर बसली. मांडीवर कमोलाची नवी सुझानी, हातात सुई. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं छान दिसलं. कॉम्प्युटरवर मोठं करून पाहिलं तर हात धुरकट. चेहराही किंचित. मागच्या भिंतीवरची सुझानी मात्र टाका न् टाका दिसते.

म्हणजे फोकस मागे जातो आहे.

१९ जानेवारी

चहाची किटली स्टुलावर ठेवून फोटो काढले. तोटीवरचा तडा केसासारखा स्पष्ट आला. मग किटली काढून इनोबतला बसवलं. धुरकट.

कॅमेऱ्याला मागचं नक्षीकाम ओढून घेत असणार. किटली चांगली मोठी होती, सुई बारीक आहे. आता फोकस हातानेच लावायचा.

दुपारी शेजारचा सत्तोर आला. वीजमंडळात होता, आता दुसऱ्यांच्या घरच्या तारा जोडतो आणि स्वतःची जीभ सोडतो. स्टुलावर बसून म्हणाला, "काढ माझा एक. थडग्यावर लावायला. आत्ताच काढ, पुढे आणखी बिघडेल."

इनोबत चहा घेऊन आली. पूर्वी ती समोर बसून प्याल्यात ओतून तीनदा परत किटलीत घालायची, मग द्यायची. हल्ली ते आतच करून आणते. सत्तोरने प्याल्यात वाकून पाहिलं.

"वहिनी, हा चहा आहे की प्याला धुतल्यावर राहिलेलं पाणी?"

"मान देतेय तुम्हाला."

"मागच्या वर्षी काठोकाठ भरून दिला होतात. मी समजलो, ऊठ आता. एका वर्षात मी एवढा मोठा माणूस कधी झालो?"

ती हसून आत गेली. सत्तोर स्वतःच आणखी ओतून घेत बसला.

२३ जानेवारी

गोझगोनला लग्न. अंधारात निघालो. पहाटेच्या पुलावाला पुरुषांच्या रांगा, मोठ्या कढईतून वाफ, लेन्सवर ओल. कुणालाच फोटो नको होते, पण काढले नसते तर मुलीच्या बापाने विचारलं असतं. परतीच्या गाडीत झोपलो, तर ड्रायव्हरने नुरोता ओलांडून पुढे नेलं.

घरी दस्तरखानावर भट्टीतला विकतचा नान. आपला तंदूर का नाही पेटवला, विचारलं. म्हणाली, सरपण ओलं होतं.

सरपण छपराखाली आहे. पण थकलो होतो, वाद घातला नाही.

२४ जानेवारी

वीज नाही. काही नाही.

२७ जानेवारी

उजेड वाढवायचं ठरवलं. उजेड जास्त तर शटर जास्त वेगाने पडतं आणि लेन्सचं तोंड बारीक करता येतं. मग थोडंफार मागेपुढे झालं तरी चालतं.

सत्तोरने दोन मोठे दिवे आणून लावले. दिव्यांचा प्रकाश पिवळा, खिडकीचा निळा. इनोबतचा अर्धा चेहरा जर्दाळू, अर्धा बर्फ. खिडकीला गादी लावून फक्त दिवे ठेवले, तर संध्याकाळकडे वीज कमी दाबाने येऊ लागली आणि दिवे मंदावत गेले. शेवटी दिवे काढले, गादी काढली. खिडकीसमोर पांढरी चादर दोरीवर टांगली म्हणजे चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूलाही उजेड परत येतो. हे जमलं. डोळ्यांखालच्या सावल्या गेल्या. चेहरा सुंदर दिसतो.

धुरकट.

माणूस हललं तर फोटोत रेघ ओढली जाते, ते मला लांबून कळतं. लग्नांत तेच पाहत आलो. ही रेघ नाही. हे धुकं आहे, सगळीकडून सारखं.

मी कॉम्प्युटरसमोर असताना ती सुया घेऊन आली. "एवढ्या ओवून द्या. डोळे गेले माझे." ओवून दिल्या. दर दोन दिवसांनी ओवून देतो. तिला चष्मा घ्यायला हवा.

३० जानेवारी

बाजारातून चष्मा आणला. दुकानदाराने तिला लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तिने सगळी वाचली. मग जवळची. तीही वाचली. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, अक्षरं मोठी असतात, सुईचं नेढं लहान असतं. त्याने सगळ्यांत सौम्य भिंगं दिली.

वाटेत विचारलं, "बरं दिसतंय का?"

"तुम्ही जास्तच म्हातारे दिसताय."

१ फेब्रुवारी

आता चष्म्यात खिडकी दिसते. दोन्ही भिंगांत पांढरे चौकोन, आणि डोळे गायब. स्टूल फिरवलं, खिडकीचा वरचा अर्धा भाग झाकला, तिला हनुवटी खाली घ्यायला लावली. चौकोन गेले. हे काम दुपारभर चाललं. स्टुलावरून उठली तेव्हा तिने मांड्यांमध्ये दाबून धरलेले हात सोडवले आणि चोळले. खोलीत थंडी फार आहे.

लेकीचा, महलियोचा फोन, नवोईहून. पोरीने पहिलंच विचारलं, "बाबा, आईचे हात कसे आहेत?"

"थंडीने फुटतात. येताना मलम आण."

मग म्हणाली, "आईला द्या."

आतल्या खोलीत दोघी बराच वेळ बोलत होत्या. मायलेकी. मला कुणी बोलावलं नाही.

६ फेब्रुवारी

जमीन. हेच कारण. लाकडी फळ्या आहेत, खाली पोकळ. रस्त्यावरून गोझगोनचे संगमरवर भरलेले ट्रक जातात तेव्हा कपाटातल्या थाळ्या किणकिणतात. मागच्या भिंतीचं ट्रकांना काही नाही, म्हणून ती स्पष्ट येते. स्टूल आणि ट्रायपॉड फळ्यांवर आहेत, ते हलतात.

सत्तोरकडून संगमरवराच्या लाद्या आणल्या. ट्रायपॉडच्या प्रत्येक पायाखाली एक, स्टुलाखाली एक मोठी. सत्तोर म्हणाला, "लाद्या बसवतोयस, थडगंही बांधून टाक. माझा फोटो तयारच आहे."

ट्रक नसताना फोटो काढले. धुरकट.

मग माझा तोल गेला. म्हणालो, "तू हलतेस."

"नाही हलत."

"मग हे काय आहे? किटली हलत नाही. भिंत हलत नाही. साधं बसायला सांगितलंय तुला."

"बसलेय मी."

"श्वास सोड आणि थांब. हलू नकोस. एवढंच. हलू नकोस!"

तिने श्वास सोडला आणि सुई इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली. मी फोटो काढले. तोपर्यंत जे काढले होते त्या सगळ्यांहून ते वाईट आले.

ती उठली, सुझानीची घडी घातली, चष्मा काढून खिडकीत ठेवला. म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी बसवा. सत्तोरच्या बायकोला बसवा."

"कमोलाला तू हवी आहेस."

"माहीत आहे," ती म्हणाली.

७ फेब्रुवारी

बोलत नाही. चहाची किटली आणि प्याला समोर ठेवून गेली. आपला आपण ओतून घेतला.

९ फेब्रुवारी

बोलते. सूप केलं होतं. या हिवाळ्यात खिम्याची वाफवलेली मंती एकदाही झाली नाही. मी बोलून दाखवलं, तर म्हणाली, मंतीच्या कडा चिमटीने मिटवत बसायला वेळ कुणाला आहे, दिवसभर तर तुमच्या स्टुलावर असते.

ते बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी

परत लग्न, इथेच गावात. संध्याकाळी दिवाणखान्यात उजेडाच्या नावाने रंगीत झगमग. नाइलाजाने फ्लॅश. नवऱ्याची चुलतबहीण नाचत होती, गिरकीवर गिरकी. घरी येऊन पाहिलं. तिच्या वेण्या हवेत थांबलेल्या, टोकाच्या मण्यांसकट. मण्यामण्यावर चमक. एक मणी तुटून पडत होता, तोही हवेतच, धाग्यापासून सुटलेला.

गरगर फिरणारी पोरगी मला अशी काढता येते, आणि दगडाच्या लादीवर बसलेली बायको काढता येत नाही.

१३ फेब्रुवारी

फ्लॅश पेटीतून काढला. अभिमान ठेवून काही उपयोग नाही.

पण समोरून मारला नाही. कॅमेऱ्यावरून काढून लांब तारेने खिडकीच्या बाजूला, जरा वर धरून, मध्ये पांढरी चादर. चादरीतून येताना फ्लॅशचा उजेड खिडकीसारखाच मऊ होतो, फक्त क्षणभर. बाजूने आल्यामुळे रेशमाचा प्रत्येक टाका उठून दिसतो. चष्मा काढायला सांगितला. तिने काढला आणि हसली. आज पहिल्यांदा त्या स्टुलावर हसली.

पहिलाच फोटो स्पष्ट. मोठा केला, आणखी मोठा केला. बोटांच्या रेषा, अंगठ्यावरची जुनी टोचणी, आणि सुईचं टोक. टोकावर उजेडाचा एक ठिपका.

खुर्चीतूनच हाक मारली. ती येऊन पाठीमागे उभी राहिली आणि पाहत राहिली.

"हे माझे हात?"

"मग कुणाचे?"

"किती शांत आहेत," ती म्हणाली.

मग आणखी काढले, पुष्कळ. फ्लॅश कमी-जास्त करत, चादर पुढे-मागे करत. सगळे स्पष्ट. कारण अजून कळलेलं नाही. फोकस तोच, लेन्स तीच. पण कारण न कळता बरं झालेलं दुखणं परत का उकरा.

१५ फेब्रुवारी

कमोलाचा फोन. तिचा आवाजच सांगत होता. "अका, सुईचं टोक असं आलंय की बोट मागे घेतलं मी." पुस्तकाचं काम माझं. बायका याच महिन्यात येतील, गटागटाने, इथेच, माझ्या खोलीत. पहिला गट सव्वीस तारखेला.

मग म्हणाली, "इनोबत ओपांच्या नव्या सुझानीचा एक कोपरा कोरा आहे. फोटोत दिसतो."

"तशी रीत आहे."

"रीत एका पानाची आहे, अका. हे अख्खं फूल आहे."

इनोबतला विचारलं. म्हणाली, "मोठ्या सुझानीला मोठी रीत."

मग विचारलं, "सगळ्या इथेच येणार?"

"मग कुठे? स्टुडिओ इथे आहे."

"सलोमत ओपापण?"

"सगळ्यांत आधी."

सलोमत ओपा म्हणजे या बायकांत वयाने मोठी. रेशीम तिच्या हातून सगळ्यांना वाटलं जातं. कुठली सुझानी कुणाला भरायला द्यायची, हेही तीच ठरवते. इनोबत म्हणाली, "त्यांना चहा द्यावा लागेल."

"देशील की. त्यात काय?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली.

१९ फेब्रुवारी

हे समजत नाही. ज्यासाठी जानेवारीपासून स्टुलावर बसली ते काम मिळालं, आणि आता ती रोज काहीतरी नवीन काढते. स्टुडिओ सत्तोरच्या गोदामात हलवा. बायकांना त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन काढा. सव्वीसला मी महलियोकडे जाते, तुम्ही आणि सत्तोर बघून घ्या.

"घरात बायका येणार आणि घरची बाई नाही? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई घरी नव्हती. दुसरं काही म्हणणार नाहीत."

मी म्हणालो, खोली गेली म्हणून तुला राग आहे. ती म्हणाली, हो, तसंच समजा.

२४ फेब्रुवारी

कमोलाने इनोबतच्या त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंतून आणखी एक निवडून मागितला, कव्हरसाठी.

जेवणानंतर खिडकीशी बसून कॅमेऱ्यातच बघायला घेतले. इतके की एकेक पाहत बसलो तर दिवस जाईल, म्हणून मागचं चाक भराभर फिरवलं. फोटो एकामागून एक पळू लागले आणि पळता पळता त्यांचा सिनेमा झाला. ट्रायपॉड लादीवर, त्यामुळे मागची भिंत जागची हलत नव्हती. स्टूल हलत नव्हतं. तिच्या झग्याच्या चुण्या तशाच. खांदे तसेच.

हात थरथरत होता.

सुईचं टोक वर, खाली, डावीकडे, वर. प्रत्येक फोटोत स्पष्ट आणि प्रत्येक फोटोत दुसऱ्या जागी. मी चाक उलटं फिरवलं. उलटंही तसंच.

चाक फिरवत राहिलो. बॅटरी संपेपर्यंत.

मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. तिची पाठ होती. चहा खालीवर करत होती. उजवं कोपर मेजाच्या कडेला टेकवलेलं, उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरलेलं, आणि किटलीची तोटी प्याल्याच्या काठावर ठेवूनच ओतत होती. तरी चिनी मातीवर चिनी माती बारीक वाजत होती. ट्रक जाताना थाळ्या वाजतात तशी. मेजावर फडकं पसरलेलं होतं, ओलं.

प्याला तळापुरता भरला आणि तिने थांबवलं. आणखी भरला असता तर माझ्यापर्यंत पोचला नसता.

मी खोलीत येऊन बसलो. ती चहा घेऊन आली. मी प्यायलो.

२५ फेब्रुवारी

दुपारी विचारलं, "कधीपासून?"

तिने काय म्हणून विचारलं नाही. "मंती करताना कळलं. कडा जुळेनात."

"म्हणजे गेल्या शरदात."

"त्याच्याही आधी असेल. मंतीने सांगितलं."

"डॉक्टर?"

"महलियोने नेलं नवोईला. तुम्ही लग्नाला गेला होतात. गोळ्या आहेत, घेते. म्हणाला, जिवाला धोका नाही. मी म्हटलं, आणि सुईला? तर म्हणाला, सुईचं मी काय सांगू, ओपा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खिळे ठोकत होतात."

ती पुढे म्हणाली, "कमोलाला शिवणाऱ्या बाईचा फोटो हवा होता. वाटलं, एकदा निघाला की झालं. मला काय माहीत, फोटोलाच सगळं कळतं."

"फोटोलाच कळलं. मला नाही."

"तुम्ही लाद्या आणल्यात," ती म्हणाली, आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही.

"चष्मा?"

"चांगला आहे. तांदूळ निवडताना खडे मोठे दिसतात."

"मी तुला हलू नकोस म्हटलं."

"म्हटलंत."

 

मग उद्याचं निघालं. मी म्हणालो, कमोलाला नाही म्हणून कळवतो. ती एकदम उठून उभी राहिली. "आणि मग? परत गुडघ्यावर बसणार? कुणाकुणाचे मामा उठवत बसतील तुम्हाला?"

"मग तू जा महलियोकडे."

"आज जाईन. पुढच्या गटाला? त्याच्या पुढच्या?" तिने हात झग्याच्या बाह्यांत ओढून घेतले. "सलोमत ओपासमोर एक प्याला धरला की संपलं. ती बोलायची नाही काही. डोळे पुसेल, मला मिठी मारेल. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे रेशीम पाठवणार नाही. कोपरा राहिला तर राहिला, बाकीचं मी भरते आहे ना? हळू भरते, पण भरते. मनगट उशीवर टेकवलं की जमतं. सकाळचं जमतं."

ती सकाळी फार लवकर उठते. मला वाटायचं, वयामुळे झोप येत नसेल.

संध्याकाळी गाद्या परत मेहमानखान्यात आणल्या, बायकांना बसायला. बैठं मेज मधोमध ठेवलं. स्टूल आणि कॅमेरा खिडकीकडे सरकवला. सत्तोर विचारत आला, उद्या तारा-बिरा लागतील का. म्हटलं, नको. किटली मोठी असेल तर दे.

"किटली? आता किटलीचे फोटो?"

"हो."

२६ फेब्रुवारी

सकाळी बायका आल्या, आपापल्या सुझानी काखेत घेऊन. सलोमत ओपा सगळ्यांत पुढे. दस्तरखानाशी बसल्या. इनोबतला मी त्यांच्या मधोमध बसवलं आणि किटली माझ्यापुढे ओढली. चहा तीनदा प्याल्यात ओतून परत किटलीत घातला. थोडा सांडला.

"अगं बाई, आज नोर्मुरोद?" सलोमत ओपा म्हणाली. "इनोबतचे हात काय सुट्टीवर आहेत?"

"माझ्या स्टुडिओत मीच ओततो," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाने बसायचं."

"माझा नवरा ऐकू दे हे," दुसरी एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. एकेकीला प्याले दिले. इनोबतला शेवटी दिला, सगळ्यांत कमी, तळाला जेमतेम. सलोमत ओपाने तो पाहिला आणि मान हलवली. "बघा. बायकोचा मान कसा ठेवतो."

इनोबतने प्याला दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायली. मी उठून पहिल्या बाईला खिडकीशी बसवलं.